गावाकडून खाजगी विद्यापीठात जाताना: काय, कधी आणि कोणत्या क्रमाने

दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी, आर्णी, दारव्हा भागातल्या पोरापोरींचे मला फोन येतात. सुरुवात बहुतेक वेळा सारखीच असते: "ताई, अ‍ॅडमिशन झाली, बुकिंगचे पंचवीस हजार भरले. आता स्कॉलरशिपचा फॉर्म कुठे भरू?" हा प्रश्न पैसे भरायच्या आधी विचारायचा असतो. पैसे गेल्यावर विचारला की उत्तर कितीही स्पष्ट असलं तरी उपयोग फारसा उरत नाही.

मी पुण्याजवळच्या एका खाजगी विद्यापीठात चार वर्षं इंजिनिअरिंग केलं. तिथली लॅब रात्री आठपर्यंत उघडी असायची, निकाल वेळेवर लागायचे, वेगवेगळ्या राज्यांतली मुलं वर्गात होती. दुसऱ्या बाजूला, सेमिस्टरच्या मधेच शिक्षक नोकरी सोडून जायचे आणि छोट्या छोट्या गोष्टींसाठी फी मागितली जायची. दोन्ही खरं आहे, म्हणून "चांगलं की वाईट" ह्या वादात मी पडत नाही. ज्यांना जायचं आहे त्यांनी कोणत्या क्रमाने पावलं टाकावीत, एवढंच लिहिते. क्रम बदलू नका. बहुतेक नुकसान क्रम उलटा झाल्यामुळेच होतं.

## टप्पा १: हे नक्की कोणत्या प्रकारचं विद्यापीठ आहे?

आपल्याकडे खाजगी कॉलेज आणि खाजगी विद्यापीठ एकच समजतात. यवतमाळ, पुसद, बडनेरा, वर्धा इथली अनेक कॉलेजं खाजगी संस्थांची आहेत, पण ती अमरावतीच्या संत गाडगे बाबा विद्यापीठाला, नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराज विद्यापीठाला किंवा लोणेरेच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाला जोडलेली असतात. चंद्रपूर-गडचिरोलीकडची गोंडवाना विद्यापीठाला. तिथे शिकलात तर पदवी त्या सरकारी विद्यापीठाची मिळते.

खाजगी विद्यापीठ स्वतःची पदवी देतं. अभ्यासक्रम त्याचा, पेपर त्याचा, निकाल त्याचा. ते राज्याच्या विधिमंडळाने केलेल्या कायद्याने उभं राहतं. अभिमत विद्यापीठ हा तिसरा प्रकार. त्याला यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायदा, १९५६ च्या कलम ३ खाली केंद्र सरकार दर्जा देतं. सावंगी मेघेचं दत्ता मेघे हे अभिमत आहे. नावात "युनिव्हर्सिटी" दिसलं म्हणून प्रकार कळत नाही, शोधावा लागतो.

करायचं ते असं. यूजीसीच्या संकेतस्थळावर राज्य खाजगी विद्यापीठांची आणि अभिमत विद्यापीठांची अशा वेगवेगळ्या याद्या आहेत. नाव तिथे अक्षर न् अक्षर जुळवून बघा. तिथेच बनावट विद्यापीठांचीही यादी असते, आणि त्या यादीत नागपूरचंही एक नाव बरीच वर्षं आहे.

मग अभ्यासक्रमाची मान्यता. बी. फार्म.ला फार्मसी कौन्सिल, एलएलबीला बार कौन्सिल, नर्सिंगला नर्सिंग कौन्सिल, बी. एड.ला एनसीटीई, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद. बीएस्सी अ‍ॅग्रीला जाणाऱ्यांनी आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) मान्यता आहे का हे विचारलंच पाहिजे, कारण पुढे अकोल्यासारख्या कृषी विद्यापीठात एमएस्सीला जाताना हाच मुद्दा आडवा येतो. विद्यापीठाला मान्यता आहे म्हणजे प्रत्येक कोर्सला आहे, असं होत नाही.

इशारा: खाजगी विद्यापीठाला दुसरी कॉलेजं स्वतःशी संलग्न करून घेता येत नाहीत. तालुक्याच्या ठिकाणी कोणी "आमचं सेंटर अमुक खाजगी विद्यापीठाशी संलग्न आहे, क्लास इथेच होतील" म्हणत असेल, तर तिथून उठा.

## टप्पा २: प्रवेश कोणत्या दाराने होणार?

सगळ्यात जास्त पैसा ह्याच टप्प्यावर बुडतो, म्हणून सावकाश वाचा.

महाराष्ट्रात इंजिनिअरिंग, फार्मसी वगैरेंचे प्रवेश सरकारच्या सीईटी सेलच्या कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्यांतून होतात. खाजगी आणि अभिमत विद्यापीठं साधारणपणे स्वतःची प्रक्रिया चालवतात. त्यातली बरीचशी एमएचटी-सीईटीचे गुण स्वीकारतात, आणि घोळ इथेच होतो. "सीईटीच्या मार्कांवर अ‍ॅडमिशन झाली" म्हणजे कॅपमधून झाली, असं घरचे समजतात. गुण सीईटीचे असले तरी वाटप विद्यापीठाने केलं असेल, तर सरकारच्या लेखी तो कॅपचा प्रवेश नाही.

याचा परिणाम थेट शिष्यवृत्तीवर होतो. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफी पन्नासवरून शंभर टक्के झाली. गावोगावी एवढीच बातमी पोचली: "पोरींले फी नाही." त्याच निर्णयात लिहिलेलं आहे की प्रवेश कॅपमधून हवा, व्यवस्थापन कोटा आणि संस्था स्तरावरचे प्रवेश चालत नाहीत, आणि खाजगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळलेली आहेत. हा दुसरा भाग मला फोन करणाऱ्यांपैकी क्वचितच कोणी वाचलेला असतो. म्हणजे तीच मुलगी, तेच मार्क, तोच उत्पन्नाचा दाखला. बडनेऱ्याच्या कॉलेजात कॅपमधून गेली तर फी माफ, खाजगी विद्यापीठात गेली तर पूर्ण फी घरच्यांच्या अंगावर.

राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचा आधारही खाजगी विद्यापीठात धरू नका. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांनी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात, आणि अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांनी आपल्या प्रकल्प कार्यालयात, म्हणजे पांढरकवडा, पुसद, धारणी, देवरी, चिमूर, अहेरी असं जे लागू असेल तिथे, विद्यापीठाचं आणि कोर्सचं नाव लिहून अर्ज द्यावा आणि उत्तर लेखी मागावं. स्वाधार, स्वयंम ह्या निर्वाह भत्त्याच्या योजनांचं तिथेच विचारून घ्यावं.

तपासा: सरकारी शिष्यवृत्त्यांच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज भरताना संस्था आणि कोर्स यादीतून निवडावा लागतो. आदल्या वर्षी त्याच कोर्सला गेलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला विचारा, की त्याला नाव यादीत सापडलं का आणि पैसे खात्यात आले का. "फॉर्म भरला आहे" आणि "पैसे आले" यात कधीकधी दोन वर्षांचं अंतर असतं.

विद्यापीठाची स्वतःची स्कॉलरशिप असते ती वेगळी. "पन्नास टक्के स्कॉलरशिप" ऐकलं की चार गोष्टी विचारा: सूट फक्त ट्यूशन फीवर की सगळ्यावर, एकाच वर्षाची की चारही, टिकवायला किती सीजीपीए (सगळ्या सेमिस्टरच्या गुणांची सरासरी) लागतो, आणि एक विषय राहिला तर रद्द होते का. उत्तरं ईमेलवर मागा. काउन्सेलरने फोनवर दिलेला शब्द पुढच्या वर्षी कोणालाच आठवत नाही, कारण तो काउन्सेलर तोवर दुसरीकडे गेलेला असतो.

## टप्पा ३: चार वर्षांचा हिशेब एका कागदावर

पहिल्या वर्षाची फी बघून निर्णय घेऊ नका. एक मोठा कागद घ्या, चार रकाने आखा आणि घरच्या सगळ्यांसमोर भरा. आईलाही बसवा. घरात खर्च कुठे दबतो आणि कुठे दबत नाही, हे तिलाच ठाऊक असतं.

ओळी अशा: ट्यूशन, डेव्हलपमेंट फी, परीक्षा फी, नोंदणी, अनामत, होस्टेल, मेस, युनिफॉर्म किंवा ब्लेझर, लॅपटॉप, प्रोजेक्ट, इंडस्ट्रियल व्हिजिट, येणं-जाणं, मोबाइल आणि हातखर्च. माहितीपत्रकात साधारण पहिल्या काही ओळी मोठ्या अक्षरात असतात, बाकीच्या शोधाव्या लागतात. मेस किती महिन्यांची हे बघा. दहा महिन्यांचे पैसे घेऊन सुट्टीत मेस बंद ठेवणारी होस्टेलं आहेत.

मग फीवाढ. समजा पहिल्या वर्षी ट्यूशन दीड लाख आहे आणि दरवर्षी दहा टक्के वाढते. दुसऱ्या वर्षी १,६५,०००, तिसऱ्या वर्षी १,८१,५००, चौथ्या वर्षी १,९९,६५०. एकूण ६,९६,१५०. दीड लाख गुणिले चार करून सहा लाख धरलेल्या घराला जवळजवळ एक लाख कमी पडतात, आणि ते नेमके शेवटच्या वर्षी, जेव्हा माघार घेता येत नाही. म्हणून विचारा: वाढ होते का, किती, आणि माझ्या बॅचला लागू होते का.

आता आपल्या भागाची खास अडचण. पहिली फी जून-जुलैमध्ये मागतात. तेव्हाच बी-बियाणं, खत आणि पेरणी असते, घरात रोकड नसते. सोयाबीनचा पैसा दसरा-दिवाळीच्या सुमारास, कापसाचा नोव्हेंबरनंतर, तुरीचा जानेवारी-फेब्रुवारीत. भंडारा-गोंदियात धान निघतो हिवाळ्याच्या तोंडाशी. वरुड-मोर्शीत आंबिया बहाराचा संत्रा दिवाळीच्या आगेमागे आणि मृगाचा फेब्रुवारी-मार्चकडे. शहरातल्या अकाउंट्स विभागाला हे माहीत असायचं कारण नाही. त्यांना लेखी सांगा: जुलैत इतके, डिसेंबरात इतके, मार्चमध्ये इतके. अर्जाला सातबारा जोडा. मी पाहिलंय, प्रवेशाच्या आधी मागितलेले हप्ते बऱ्याचदा मंजूर होतात. प्रवेशानंतर मागितले तर आधी दंडाचा आकडा समोर येतो.

इशारा: बुकिंगसाठी सावकाराकडून उचल करू नका. शेवटची तारीख "उद्या" असल्याचं सांगून फोन येतात. खाजगी विद्यापीठांच्या जागा बऱ्याच कोर्सना ऑगस्टपर्यंत शिल्लक असतात.

## टप्पा ४: शैक्षणिक कर्ज हवं असेल तर मेच्या आत बँकेत

मे-जूनमध्ये गावच्या बँकेत खरिपाच्या पीककर्जाची रांग असते. मॅनेजरसाहेबांना तुमची फाइल बघायला वेळच नसतो. म्हणून निकालाची वाट न बघता एप्रिलमध्ये एकदा भेटा आणि कागदांची यादी घेऊन या.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. शैक्षणिक कर्जात वडील किंवा आई सहकर्जदार असतात, आणि बँक त्यांचा सिबिल, म्हणजे आधीच्या कर्जफेडीची नोंद, बघते. आपल्याकडे पीककर्ज थकीत असलेली घरं थोडी नाहीत. कर्जमाफीत बसलेलं खातंसुद्धा कधीकधी नोंदीत थकीत दिसत राहतं. सोसायटीचा आणि बँकेचा बेबाकी दाखला आधी काढून ठेवा, सिबिल रिपोर्ट आधी तपासा. नोंद चुकीची असेल तर ती दुरुस्त व्हायला आठवडे लागतात.

साधारण नियम असे: चार लाखांपर्यंतच्या कर्जात स्वतःचा वाटा भरावा लागत नाही. त्यावर देशातल्या शिक्षणासाठी पाच टक्के भरावा लागतो. साडेसात लाखांपर्यंत सरकारी हमी योजनेखाली तारण मागत नाहीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम-विद्यालक्ष्मी योजना ठरावीक दर्जेदार संस्थांपुरती आहे, सुरुवातीला त्या ८६० होत्या. खाजगी संस्थेची निवड एनआयआरएफ ह्या केंद्र सरकारच्या क्रमवारीवरून होते. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणकाळात व्याजात तीन टक्के सवलत मिळते. तुमचं विद्यापीठ त्या यादीत आहे का हे पोर्टलवर बघा. ते यादीत नसेल तर बँकेच्या नेहमीच्या योजनेत अर्ज करा. तो मार्ग बंद झालेला नसतो.

तपासा: बँकेला मंजुरीसाठी विद्यापीठाचं प्रवेशपत्र आणि वर्षवार फीचं पत्रक लागतं. ते शिक्क्यासह, चारही वर्षांचं घ्या. फक्त पहिल्या वर्षाचं दिलं तर कर्जही तेवढंच मंजूर होऊ शकतं.

## टप्पा ५: कागदपत्रं

बारावीच्या परीक्षेनंतर लगेच लागा. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रीमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस, टीसी, गुणपत्रिका, आधार, बँक खातं. वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. महाराष्ट्राबाहेर जात असाल तर मायग्रेशन.

दोन गोष्टींकडे लक्ष द्या. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपतो, म्हणून फेब्रुवारीत काढलेला जुलैत चालत नाही. आणि नावाचं स्पेलिंग आधार, दहावीची गुणपत्रिका आणि बँक खातं या तिन्हींत एकच हवं. आपल्याकडे वडिलांच्या नावाला कुठे "राव" लागतो, कुठे "भाऊ", कुठे काहीच नाही. ऑनलाइन पडताळणीत ह्या एका अक्षराने अर्ज परत येतो.

मूळ कागद कोणाच्या ताब्यात देऊ नका. यूजीसीच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे विद्यापीठाने मूळ प्रती समोर तपासून लगेच परत करायच्या असतात. टीसी मात्र अनेक ठिकाणी मागून घेतात. ती द्यावी लागली तर पोच घ्या आणि देण्याआधी रंगीत स्कॅन करून ठेवा.

## टप्पा ६: स्वतः जाऊन बघा, आणि साध्या दिवशी जा

ओपन डेला जाऊ नका. त्या दिवशी सगळं धुतलेलं-पुसलेलं असतं. कॉलेज सुरू असताना, मंगळवारी किंवा बुधवारी जा. वर्ध्याहून, बडनेऱ्याहून पुण्याला महाराष्ट्र एक्सप्रेस आहे, एक रात्र जाते. हा खर्च जड वाटतो, पण चार वर्षांच्या फीपुढे किरकोळ आहे.

तिसऱ्या वर्षाची मुलं शोधा. पहिल्या वर्षाची अजून नवलाईत असतात, चौथ्या वर्षाची नोकरीच्या धावपळीत. त्यांना विचारा: ह्या सेमिस्टरला किती शिक्षक बदलले? लॅबमध्ये एका मशीनवर किती जण? निकाल किती दिवसांत? उन्हाळ्यात होस्टेलला पाणी असतं का? मेसमध्ये रात्रीचं जेवून बघा, दुपारचं नको. दुपारी पाहुणे असतात.

प्लेसमेंटबद्दल एकच आकडा विचारू नका. "सर्वाधिक पॅकेज" एका मुलाचं असतं. तुमच्या ब्रँचची गेल्या वर्षीची यादी मागा: किती जण पात्र होते, किती बसले, किती लागले, मधला पगार किती. "शंभर टक्के प्लेसमेंट असिस्टन्स" ह्या शब्दांत नोकरीचं वचन नसतं, मदतीचं असतं. पात्रतेची अटही विचारा. बऱ्याच कंपन्या दहावी, बारावी आणि पदवी, तिन्हीकडे साठ टक्के मागतात. दहावीला छप्पन्न असतील तर ते आजच कळलेलं बरं.

इशारा: तालुक्याचा कन्सल्टंट तुमच्याकडून पैसे घेऊन जी जागा "मिळवून" देतो, ती बहुतेक वेळा संकेतस्थळावर फॉर्म भरून मिळणारीच असते. त्याला विद्यापीठाकडून कमिशन मिळतं, त्यामुळे त्याचा सल्ला तुमच्या बाजूचा नसतो.

## टप्पा ७: आता पैसे भरा

आधीचे सहा टप्पे झाले असतील तरच. पैसे फक्त विद्यापीठाच्या नावाच्या खात्यात भरा. रोख नको, कोणाच्या वैयक्तिक यूपीआयवर तर मुळीच नको. पावतीवर रक्कम कशासाठी घेतली ते लिहिलेलं हवं. नुसतं "अ‍ॅडव्हान्स" लिहिलं असेल तर दुरुस्त करून घ्या.

कॅपमध्ये नाव असेल तर तोही फॉर्म चालू ठेवा. चांगल्या कॉलेजात नंबर लागला आणि इथला प्रवेश रद्द करायचा असेल, तर फी परतीचे नियम तुमच्या बाजूने आहेत. यूजीसीच्या २०१८ च्या अधिसूचनेत प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ किंवा अधिक दिवस आधी रद्द केल्यास पूर्ण फी परत, तीही फार तर पाच टक्के किंवा पाच हजार यातली कमी रक्कम कापून. १५ दिवसांच्या आत आलं तर ९० टक्के. तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८०, तारखेनंतर १६ ते ३० दिवसांत ५०, पुढे काही नाही. अनामत मात्र पूर्ण परत करावी लागते. अलीकडे यूजीसी दर वर्षासाठी वेगळं परिपत्रकही काढते. २०२४-२५ ला ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा होता आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त हजार रुपये कापायची मुभा. तुमच्या वर्षाचं परिपत्रक शोधून छापून ठेवा.

रद्द करायचा अर्ज ईमेलने करा म्हणजे तारीख नोंदली जाते. टाळाटाळ झाली तर यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर तक्रार करा. "नियमात बसत नाही" असं तोंडी ऐकून परत फिरू नका.

## टप्पा ८: पहिले सहा आठवडे

खरा फरक इथे पडतो. गावाकडच्या हुशार पोरांची घसरण मी बहुतेक वेळा ह्याच काळात पाहिली आहे, आणि ती बुद्धीमुळे झालेली नव्हती.

बारावीपर्यंत आपली सवय शेवटच्या महिन्यात नेट लावायची. खाजगी विद्यापीठात मार्कांचा मोठा वाटा सेमिस्टरभर वाटलेला असतो: असाइनमेंट, क्विझ, मिड-सेम, प्रेझेंटेशन, व्हायवा. पहिली मिड-सेम सहा-आठ आठवड्यांत येते. तोवर "अजून सुरुवातच आहे" म्हणत बसलेल्या पोराचे तीस-चाळीस मार्क निघून गेलेले असतात. म्हणून पहिल्या आठवड्यात प्रत्येक विषयाची मार्कांची वाटणी वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

कॉलेजचा ईमेल रोज दोनदा उघडा. सूचना, तारखा, वर्गबदल सगळं तिथे येतं. असाइनमेंट ऑनलाइन रात्री ११.५९ ला बंद होते आणि १२ वाजता दिलेली धरत नाहीत. होस्टेलचं वायफाय त्याच वेळी बंद पडतं, हा सगळ्यांचा अनुभव आहे. एक दिवस आधी द्या. मित्राची उतरवू नका, कॉपी पकडणारं सॉफ्टवेअर दोघांनाही शून्य देतं.

मग इंग्रजी. मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिला महिना कानावरून जातो. त्यावर चाललेला उपाय सांगते. उद्याचा विषय आज रात्री मराठी किंवा हिंदी व्हिडिओवर समजून घ्या, मग पुस्तकातलं तेच पान इंग्रजीत वाचा. वर्गात तेच तिसऱ्यांदा ऐकू येतं आणि आता कळतं. दर आठवड्याला एक उत्तर इंग्रजीत पूर्ण लिहून शिक्षकांना दाखवा. नुसतं वाचून परीक्षेत लिहिता येत नाही. पहिल्या दोन ओळींत बसा. तास संपल्यावर शंका हिंदीत किंवा मराठीत विचारा, महाराष्ट्रातल्या बहुतेक शिक्षकांना चालते. पहिल्याच आठवड्यात एकदा विचारलं की पुढचं सोपं जातं.

"करून रायलो", "काऊन", "मले" ऐकून हसणारे भेटतील. घरी फोनवर आपली बोली बोला, अगदी सगळ्यांसमोर. प्रेझेंटेशनची भाषा वेगळी लागते, तिचा सराव रूममेटसमोर उभं राहून करा. एकामुळे दुसरी सोडायची गरज नाही.

लॅपटॉप जूनमध्ये घेऊ नका. कोर्सला कोणता लागतो हे पंधरा दिवसांत कळतं, तोवर लायब्ररीची संगणक खोली आहे. क्लब एकच निवडा. पहिल्या वर्षी पाच क्लबांत नाव घालणाऱ्यांची हजेरी आधी बुडते.

तपासा, सहाव्या आठवड्याच्या शेवटी: प्रत्येक विषयाची हजेरी माहीत आहे का? एकही असाइनमेंट राहिलेली नाही ना? एका तरी शिक्षकाला तुमचं नाव ठाऊक आहे का? तिन्हींना "हो" येत नसेल तर त्याच आठवड्यात मेंटॉरला भेटा.

## टप्पा ९: हजेरी आणि बॅकलॉग

बहुतेक ठिकाणी ७५ टक्के हजेरी लागते आणि ती यंत्र मोजतं, सर मोजत नाहीत. एका विषयाचे आठवड्याला चार तास आणि पंधरा आठवडे धरले तर साठ तास. पंचेचाळीस हवेत, पंधरा चुकले तर चालतात. सोयाबीनच्या सवंगणीला दहा दिवस घरी गेलात तर त्यातले सहा एका फटक्यात संपतात, आणि पुढे ताप, सण, गाडी चुकणं आहेच. घरच्यांना हा हिशेब जूनमध्येच समजावून सांगा. वडील रागावतात ते आकडा माहीत नसतो म्हणून.

दिवाळीचं तिकीट साठ दिवस आधी काढावं लागतं. परीक्षेचं वेळापत्रक बघून काढा. बऱ्याच ठिकाणी सेमिस्टरची परीक्षा दिवाळीनंतर लगेच असते.

एखादा विषय राहिला तर लपवू नका. पुन्हा परीक्षेची फी, तारीख आणि स्कॉलरशिपवरचा परिणाम त्याच आठवड्यात विचारा. घरी सांगा. पहिल्या सेमिस्टरला गणित राहणं ही फार सर्वसाधारण गोष्ट आहे. ते तिसऱ्या वर्षापर्यंत राहू देणं महागात जातं, कारण प्लेसमेंटच्या वेळी चालू बॅकलॉग असलेल्याला बसूच देत नाहीत.

## टप्पा १०: पैसा, होस्टेल आणि मन

आजूबाजूची मुलं शनिवारी हॉटेलात, रविवारी मॉलमध्ये जातात. "मी ह्या महिन्यात येत नाही" हे वाक्य सरळ बोलायला शिका. दोनदा बोललं की कोणी विचारत नाही आणि मैत्रीही तुटत नाही. घरून आलेले पैसे एका खात्यात आणि खर्चाचे दुसऱ्यात ठेवा. मोबाइलवर झटपट कर्ज देणारी अ‍ॅप फोनमध्ये ठेवूच नका.

पहिल्या दोन महिन्यांत घरची आठवण सगळ्यांनाच येते. झोप उडाली, जेवण सुटलं, वर्गात जाणं थांबलं, तर ती नुसती आठवण राहिलेली नाही. विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे जा. टेली-मानसच्या १४४१६ ह्या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

## टप्पा ११: तक्रार करायची झाली तर

पायऱ्या ठरलेल्या आहेत: मेंटॉर, विभागप्रमुख, मग विद्यार्थी तक्रार निवारण समिती, शेवटी विद्यापीठाचा लोकपाल. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनी समिती आणि लोकपाल दोन्ही बंधनकारक केले आहेत. पहिल्या पायरीपासून ईमेल वापरा, कारण लोकपाल "आधी कुठे तक्रार केली होती" हे विचारतो. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर संताप लिहिणं म्हणजे तक्रार नव्हे.

रॅगिंगसाठी ह्या पायऱ्यांची वाट बघायची नाही. १८००-१८०-५५२२ हा क्रमांक चोवीस तास चालतो, आणि स्वतःचं नाव न सांगताही तक्रार घेतात. मुलींनी अंतर्गत तक्रार समितीत कोण आहे, त्यांचा नंबर काय, हे पहिल्या आठवड्यातच लिहून ठेवावं.

## टप्पा १२: वर्ष संपताना

दोन्ही सेमिस्टरच्या गुणपत्रिका आल्या की अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या, म्हणजे पास केलेल्या विषयांचे क्रेडिट साठवणाऱ्या सरकारी ऑनलाइन, खात्यात क्रेडिट जमा झाले आहेत का बघा. पुढे विद्यापीठ बदलायचं झालं तर तीच नोंद विचारतात, आणि ती चुकली असेल तर आता दुरुस्त होते, तीन वर्षांनी फार धावपळ करावी लागते.

विद्यापीठाची स्कॉलरशिप असेल तर नूतनीकरणाचा अर्ज मे महिन्यातच द्या आणि पोच घ्या. बँकेला निकालाची प्रत पाठवल्याशिवाय दुसऱ्या वर्षाचा हप्ता सुटत नाही. होस्टेल सोडणार असाल तर खोलीचे फोटो काढा, अनामत परत मागायचा अर्ज द्या आणि मगच चावी द्या.

दुसऱ्या वर्षाच्या फीचं पत्र आलं की ते प्रवेशाच्या वेळी मिळालेल्या ईमेलशी ओळ न् ओळ जुळवा. वाढ ठरल्यापेक्षा जास्त असेल किंवा नवी ओळ दिसत असेल, तर जुना ईमेल जोडून लेखी खुलासा मागा, आणि तो येईपर्यंत न पटलेली रक्कम सोडून बाकीची फी मुदतीत भरा.